अलकनंदेच्या पिवळ्या लड्या

माझी बायको शास्त्रज्ञ नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली लोक येतात आणि विचारतात, "वहिनींचं शिक्षण काय हो?" अरे, शिक्षण काय? मॅट्रिक, आणि शिवणकामाचा डिप्लोमा. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत ती मुलींना शिवण, विणकाम आणि लोकर रंगवणं शिकवायची. मी दिनकर खांबेटे, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, फायलीवर शेरे मारण्यात उभी हयात गेली. आमच्या दोघांत डोकं कुणाला होतं हे मला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं होतं. कबूल करायला मात्र वीस वर्षं लागली.

तिचं नाव अलकनंदा. नाव मोठं, बाई लहानखुरी. बोलायची कमी, बघायची फार. भाजीवाल्याकडे उभी राहिली तरी भाजीपेक्षा त्याच्या तराजूकडे जास्त बघायची. याचा मला राग यायचा. "अगं, घे आणि चल!" मी ओरडायचो. ती चालायला लागायची, पण मान मागेच.

गोष्ट एकोणऐंशी सालची आहे, पण सुरुवात त्याच्या आदल्या नोव्हेंबरात झाली. महिन्यातले दोन रविवार ती पानिपतला जायची, कधी कधी मीही सोबत. तिथे सतवंत कौर नावाच्या बाईंनी आपल्या अंगणात बायकांसाठी विणकामाचा वर्ग काढला होता. पानिपतात लोकर मुबलक, रंग मात्र बाजारी. अलकनंदा त्यांना झाडपाल्याचे रंग शिकवायची. डाळिंबाच्या सालींचा पिवळा, मंजिष्ठेचा लाल, हिरड्याचा मातकट. डाळिंबाच्या साली आणायचं काम माझ्याकडे. करोल बागेतल्या रसवाल्यांकडून मी, सेक्शन ऑफिसर, पिशव्या भरभरून साली गोळा करायचो आणि बसमध्ये लोक माझ्यापासून लांब सरकून बसायचे. काय सांगू तुम्हाला!

तर त्या रविवारी तिने सतवंत कौरच्या अंगणात घरून नेलेल्या रंगात लोकरीच्या तीन लड्या पिवळ्या रंगवल्या आणि हातपंपाच्या पाण्याने भरलेल्या एकाच बादलीत एकीपाठोपाठ एक खळबळल्या. पहिली लडी बाहेर निघाली ती राखाडी. दुसरी मळकट. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दिल्लीची मास्तरीण, आणि रंग बघा! दुसरी कुणी असती तर लोकरीला शिव्या देऊन मोकळी झाली असती. हिने तिसरी लडी त्याच पाण्यात बुडवली. ती निघाली झळझळीत पिवळी, दिल्लीच्या नळाखाली निघते तशी.

घरी आल्यावर तिने तिन्ही लड्या टेबलावर मांडल्या आणि जेवायचं विसरली. मी आपला भुकेला बसलेलो.

"अहो," ती म्हणाली, "पाण्यात काहीतरी होतं. पहिल्या दोघींनी ते घेऊन टाकलं. तिसरीच्या वाट्याला काही उरलंच नाही."

"मग बरंच झालं की. वाढ आता."

"तसं नव्हे हो. त्याच पंपाचं पाणी ती माणसं पितात."

सतवंत कौरच्या घराला लागून एक शेड होती. तिथे ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. ते मीही बघितलं होतं. बघून पुढे गेलो होतो, एवढाच आमच्यातला फरक.

आमच्या मागच्या गल्लीत सूर्यकांत भालेराव राहायचा. मूळचा नगरचा, नाताळला आमच्याकडे करंज्या पाठवणारा, एका सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायचा. अलकनंदेने त्याच्यापुढे पंपाच्या पाण्याची बाटली ठेवली. आठ दिवसांनी तो आला तो खुर्चीत न बसता उभ्यानेच बोलायला लागला.

"वहिनी, लोखंड आहे, ते सोडा. त्याने तुमची लडी राखाडी झाली, माणसाला फारसं काही होत नाही. पण शिसं आहे यात. ते दिसत नाही, लागत नाही, अंगात साठत जातं. लहान मुलं आणि गरोदर बायकांना तर बिल्कुल नको."

अलकनंदेने दुसरी बाटली पुढे केली. याच पाण्यात तिने डाळिंबाच्या चार लड्या रात्रभर भिजवल्या होत्या. "हे पण बघाल?"

सूर्यकांत हसला. पण माणूस सज्जन, तपासून आणलं. या खेपेला तो बसला. मग म्हणाला, "वहिनी, नाहीये हो. शिसं जवळजवळ नाहीच. तुम्हाला हे सुचलं कसं?"

"त्यात सुचायचं काय?" ती म्हणाली. "डाळिंबाच्या साली लोखंडी कढईत उकळल्या की काळ्या पडतात, हे रंगवणारी कुठलीही बाई सांगेल. रंगाला धातू धरायची खोडच असते. म्हणून तर आपण आधी तुरटी घालतो. रंग तुरटी धरतो, तुरटी लोकर धरते. मी या लड्यांना तुरटी घातलीच नाही. म्हटलं, रंगाचे हात रिकामे ठेवू. पाण्यात जे सापडेल ते धरू दे."

सूर्यकांतने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला होता. वीस वर्षं ज्या साली मी शरमत वाहून आणल्या, त्यांना हात होते! आणि ते हात कुणाला दिसत नसलेली वस्तू पाण्यातून वेचून काढत होते.

आता हा सगळा प्रकार एक चमत्कार म्हणून टेबलावर राहिला असता, पण जानेवारीत सतवंत कौरने अलकनंदेला बाजूला घेऊन सांगितलं की सुनेला दिवस गेलेत. सून बलजीत. तेवीस-चोवीस वर्षांची, डोक्यावरून ओढणी, वर्गात कोपऱ्यात बसून भराभर विणायची. इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नव्हता. लग्नाला तीन वर्षं झालेली. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी.

"पंप ही कारण है क्या?" सतवंत कौरने विचारलं.

"पता नहीं," अलकनंदा म्हणाली. "पर इस बार वो पानी इसके पेट में नहीं जाएगा."

असं वचन देऊन बसली बाई! मी घरी आल्यावर खूप चिडलो. "तू कोण गं? डॉक्टर? नगरपालिका? उद्या काही कमी-जास्त झालं तर आपल्या गळ्यात येईल." ती म्हणाली, "येऊ दे." एवढंच. आणि कुंभाराकडे निघून गेली.

गल्लीत दुसरं पाणी नव्हतं. गुरुद्वाऱ्याचा नळ अर्ध्या मैलावर, तोही उन्हाळ्यात आटायचा. म्हणून अलकनंदेने महादेवावर असतं तसं बुडाला भोक असलेलं मडकं करवून घेतलं. त्यात लड्या ठासून भरल्या. वरून पंपाचं पाणी ओतायचं, खाली थेंब थेंब दुसऱ्या मडक्यात. बलजीतने फक्त त्यातलंच प्यायचं, तिच्यासाठी स्वयंपाकही त्यातच. दर आठवड्याला दोन बाटल्या दिल्लीला यायच्या, एक पंपाची, एक मडक्याची. सूर्यकांत तपासायचा. मडक्याची दर वेळी चांगली. गल्लीतले पुरुष मात्र सतवंत कौरच्या तोंडावर हसायचे, की लोकर पाणी साफ करते म्हणे, उद्या स्वेटर दूध देईल!

पण चौथ्या-पाचव्या दिवशी लड्या भरायच्या. भरल्या की राखाडी व्हायच्या आणि पुढचं सगळं तसंच खाली सोडायच्या. रंगाचे हात भरले की संपलं. त्या काढून बाटल्यांबरोबर दिल्लीला पाठवायच्या आणि नव्या घालायच्या. हिवाळाभर डाळिंबं होती, चाललं. मार्च संपला, एप्रिल आला, रसवाल्यांकडे मोसंबी आली. डाळिंब गायब. मी खारी बावलीच्या घाऊक बाजारात गेलो, वाळलेल्या सालींचं एक पोतं मिळालं. मेच्या पहिल्या आठवड्यात तेही तळाला गेलं. हिरडा करून बघितला, पण तो लोकरीवर नीट टिकेना, पाणी गढूळ यायचं. बाळंतपण ऑगस्टात. तीन महिने काढायचे होते, आणि लड्या उरल्या होत्या वीस दिवसांच्या.

तेव्हा मी तिला पहिल्यांदा घाबरलेली बघितली. वापरलेल्या राखाडी लड्यांचं घमेलं तिने बाल्कनीत ठेवलं होतं. गेल्या नऊ आठवड्यांच्या लड्या, प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी. रोज त्यातली एक घ्यायची, साबणाने धुवायची, उकळायची, उन्हात घालायची. रंग काही मोकळा होईना. "यांनी धरलेलं सोडलं तर याच परत वापरता येतील," ती म्हणायची. "पण सोडतच नाहीत हो." एकदा चिठ्ठ्या लावता लावता रडली. मी चहा केला.

आता माझा पराक्रम ऐका.

मेमधला दुसरा शनिवार, ऑफिसला सुट्टी. दुसऱ्या शनिवारी देवांची पितळेची भांडी घासायचं काम माझ्याकडे. आमच्याकडे पितळ आमसुलाने घासतात. कोकणातून येतं ते आमसूल, सार करून उरलं की त्याच पाण्यात भांडी टाकायची, लख्ख निघतात. अलकनंदा बाजारात गेली होती. मोरीजवळ पातेल्यात लाल पाणी दिसलं. मी समई टाकली, ताम्हण टाकलं, चकचकीत काढलं. आणि तिथेच मला अक्कल सुचली. म्हटलं, ही बाई दहा दिवस साबण लावून मरतेय आणि उपाय घरात! पितळेचा काळेपणा जातो तर लोकरीचा का जाऊ नये? पाणी बरंच होतं. आख्खं घमेलं मी त्यात ओतलं, चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या, आणि पेपर वाचत बसलो.

दोन तासांनी लड्या पिळल्या आणि बादलीत घालून गच्चीवर वाळत घालायला गेलो. पहिली झटकली आणि थबकलो. पिवळी! दुसरी, पिवळी. नवी कोरी नव्हे, जराशी लालसर झाक, पण पिवळी. ओळीने सगळ्या पिवळ्या. मी एकटाच गच्चीवर उभा राहून हसत होतो. म्हटलं, खांबेटे, जन्मात एकदा तरी बायकोला तोंडात बोट घालायला लावशील.

एक ओली लडी हातात घेऊन मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आलो. घरात पाहुणे. सतवंत कौर सुनेला दिल्लीच्या इस्पितळात दाखवून, जाता जाता आठवड्याच्या बाटल्या द्यायला आल्या होत्या. बाहेर आग ओतत होती. दोघींचे चेहरे लाल झालेले. अलकनंदा नुकतीच बाजारातून आलेली, पाहुण्यांच्या हातात सरबताचे पेले देऊन उभी होती. बलजीतने ओढणीच्या टोकाने घाम पुसला आणि पेला उचलला.

"अगं, हे बघ!" मी दारातूनच ओरडलो. "पिवळी! तुझी लडी पिवळी झाली!"

अलकनंदेने वळून बघितलं. मी तिच्याकडून शाबासकीची वाट बघत होतो. तिचा चेहरा आधी उजळला. आणि मग एका क्षणात पांढराफटक पडला.

"कशात धुतलीत?"

"आमसुलाच्या पाण्यात, मोरीजवळच्या..."

माझं वाक्य पुरं झालं नाही. तिने झेप घेतली आणि बलजीतच्या ओठांना लागलेला पेला हाताने उडवला. पेला भिंतीवर जाऊन आदळला. लाल पाणी बलजीतच्या कपड्यांवर, सोफ्यावर, माझ्या पायावर. सतवंत कौर ताडकन उभ्या राहिल्या. पाहुणीच्या, त्यातून पोटुशा बाईच्या हातातला पेला उडवायचा? त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी आजही विसरलेलो नाही.

"पिया? पिया क्या?" अलकनंदा बलजीतचे दोन्ही खांदे धरून विचारत होती. बलजीतने मान हलवली. नाही. ओठाला लागलं होतं, घोट घेतला नव्हता. अलकनंदेने स्वतःच्या पदराने तिचे ओठ पुसले, परत पुसले, चूळ भरायला लावली. मग सतवंत कौरचा भरलेलाच पेला काढून घेतला आणि तिथेच जमिनीवर बसली.

मला अजून काही कळलं नव्हतं. फार तर घाण पाणी, असं मला वाटत होतं. तिला मात्र ती लडी दिसताच सगळं दिसलं होतं. लडी पिवळी झाली याचा अर्थ तिने धरलेलं सोडलं. सोडलं तर गेलं कुठे? त्या पातेल्यात. आणि ते पातेलं मी समजलो तसं भांडी घासायचं नव्हतंच. ते तिने रात्री सरबतासाठी भिजत घातलेलं आमसूल होतं. जरा काळपट दिसलं, पण जुनं आमसूल काळंच असतं, म्हणून तिने गाळलं, साखर-मीठ-जिरं घातलं आणि पाहुण्यांना दिलं. नऊ आठवडे थेंब थेंब जे त्या मुलीच्या पोटात जाऊ दिलं नाही, ते सगळं मी एका पातेल्यात गोळा केलं होतं, आणि तिने ते स्वतःच्या हाताने त्याच मुलीला प्यायला दिलं होतं.

"रंग ने जो पकड़ा था, खटाई ने छुड़ा दिया," ती सतवंत कौरना सांगत होती. "सब इसी में है, बहनजी. सब. और मैं पिला रही थी." आणि ढसाढसा रडायला लागली.

मी सूर्यकांतकडे धावलो. तो स्कूटरवर प्रयोगशाळेत जाऊन एक बाटली आणि काचेच्या तीन नळ्या घेऊन आला. बाटलीला सडक्या अंड्याचा वास. म्हणाला, शिसं असेल तर हे औषध दाखवून देतं. एका नळीत त्याने सतवंत कौरनी आणलेलं पंपाचं पाणी घेतलं, दुसऱ्या नळीत मडक्यातलं, तिसरीत पातेल्यातलं लाल. तिन्हींत औषधाचे थेंब टाकले.

मडक्याचं पाणी होतं तसंच राहिलं, स्वच्छ. पंपाचं पाणी पातळ चहासारखं झालं. आणि तिसरी नळी काळी झाली. हळूहळू नाही, थेंब पडला तशी काळी. लाल रंग कुठल्या कुठे गेला. काळं दाटून आलं आणि खाली बसायला लागलं, काजळासारखं. सूर्यकांतने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. बावीस वर्षं पाणी तपासणारा माणूस, त्याच्या तोंडून फक्त "देवा" एवढंच निघालं. मी त्या नळीपुढे हात जोडले की काय ते आठवत नाही, पण तसंच वाटत होतं. न दिसणारी वस्तू दिसत होती. चार आण्यांच्या फेकून दिलेल्या सालींनी ती धरून ठेवली होती, आणि एवढ्याशा आंबट पाण्याने ती हवाली केली होती.

"वहिनी," सूर्यकांत हलकेच म्हणाला, "तुमच्या लड्या मोकळ्या झाल्या. परत वापरता येतील. ऑगस्टपर्यंतचा प्रश्न सुटला."

अलकनंदेने मान वर केली नाही. त्या क्षणी तिला त्यातलं काही नको होतं.

तेव्हा बलजीत उठली. मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तिने काळ्या नळीकडे बोट केलं. "ये कितने दिन का है?"

"नौ हफ़्ते का," अलकनंदा म्हणाली.

बलजीत बघत राहिली. मग तिने चहाच्या रंगाची नळी उचलली, काळीच्या शेजारी धरली, आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणाली, "और मैंने ये तीन साल पिया. दोनों बार."

सूर्यकांत घाईघाईने म्हणाला की तेच कारण होतं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. तो बरोबरच बोलत होता. बलजीतने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती अलकनंदेपुढे जमिनीवर बसली आणि तिचे ओले हात आपल्या हातात घेतले. "आंटी, आपने गिरा दिया ना. बस." मग सूर्यकांतला म्हणाली, "इसका मुँह बंद करके मुझे दे दो. गली में दिखाना है."

सूर्यकांतने नळीला बूच लावून वर मेण ओतलं. बाकी पातेल्यातलं त्याने बरणीत भरून प्रयोगशाळेत नेलं. ती मुलगी पानिपतच्या बसमध्ये बसली तेव्हा एका हातात लड्यांची पिशवी, दुसऱ्यात ती नळी.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. ज्या पुरुषांना लोकरीचं हसू येत होतं त्यांच्या दारोदार ती पोटुशी मुलगी काळी नळी घेऊन फिरली. फार बोलली नाही म्हणे, नुसती पुढे धरायची. दहा दिवसांत गल्लीतल्या बायका शेडच्या दारात जाऊन बसल्या. महिन्याभरात शेड गल्लीतून उठली. पंपाला मात्र त्याने लगेच काही फरक पडणार नव्हता, जमिनीत मुरलेलं मुरलेलंच. तोवर गल्लीत अकरा घरी भोक पाडलेली मडकी लागली होती. पिवळ्या लड्या, दर चार दिवसांनी आमसूल. माझ्या भावाने रत्नागिरीहून दोन डबे पाठवले. त्या धुतलेल्या पाण्यासाठी अलकनंदेने वेगळी बरणी ठरवून दिली, तिच्यावर लाल रंगाने कवटी काढली, आणि आमच्या घरात सरबत कायमचं बंद झालं.

जून गेला. जुलै गेला. पाचवा महिना केव्हाच मागे पडला होता, तरी पोस्टमनची चाहूल लागली की अलकनंदा हातातलं काम टाकून दारात जायची. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं. तिने ते घेतलं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडे दिलं. "तुम्ही वाचा. माझ्याने होत नाही."

सतवंत कौरचं अक्षर मोठं आणि तिरकं होतं. मजकूर एका ओळीचा. "लड़की हुई है, बहुत ज़ोर से रोती है."

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मात्र मी, खांबेटे सेक्शन ऑफिसर, दारात उभा राहून बायकोसमोर मोठ्याने रडलो.